विंडोज ११ टाकलं आणि मशीन बंद पडायला लागलं: फॉरमॅट मारण्याआधी

लग्नसराईत डीटीपीवाल्याचा फोन सकाळी सात वाजता आला, की मी चहाचा कप खाली ठेवतो. मागच्या हंगामात असाच एक आला. आदल्या रात्री त्यांनी दुकानातल्या मशीनवर विंडोज १० चं ११ केलं होतं. सकाळी मशीन चालू होत होतं, डेस्कटॉप दिसत होता आणि दोन-तीन मिनिटांत स्क्रीन निळी होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं सहा वेळा झाल्यावर शेजारच्यानं सल्ला दिला, ‘फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम.’ त्या मशीनमध्ये पत्रिकांच्या साडेचारशे फाइली होत्या, वीस वर्षांत जमवलेले फाँट होते आणि डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लावून चालणारं एक जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. त्याची सीडी कुठे आहे, हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं.

फॉरमॅट का सुचवला जातो हे मला कळतं, मीही त्याच धंद्यात आहे. फॉरमॅटला डोकं लागत नाही, वेळ ठरलेला आणि पैसेही ठरलेले. दोष शोधायला तीन तास लागले, तर तीन तासांचे पैसे कुणी देत नाही. पण अपग्रेडनंतर बंद पडणारी जी मशीन्स माझ्या टेबलावर येतात, त्यांतली बरीचशी फॉरमॅटशिवाय सुधारतात. पुढे जे लिहितो आहे ते त्याच क्रमानं, ज्या क्रमानं मी स्वतः करतो.

असं का होतं?

विंडोजच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात. वर्ड, टॅली, क्रोम ही मंडळी ओसरीवर बसतात. त्यातलं एखादं कोसळलं तर तेवढंच बंद होतं, बाकीचं घर चालू राहतं. ड्रायव्हर म्हणजे एखादी वस्तू विंडोजशी जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर. तो मात्र माजघरात वावरतो. प्रिंटर, वायफाय, डिस्प्ले, अँटिव्हायरस, डोंगल, डिजिटल सहीचं टोकन या सगळ्यांचे ड्रायव्हर असतात आणि त्यातले कित्येक थेट कर्नलमध्ये चालतात. तिथं एखाद्यानं चुकीच्या जागी हात घातला, की विंडोज पुढचं नुकसान टाळायला स्वतःहून सगळं काम थांबवतं. ती निळी स्क्रीन म्हणजे हेच. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती काळी दिसते, अर्थ तोच.

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स एकाच दिवशी बंद पडली आणि आपल्याकडेही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यात विंडोज बिघडलेलं नव्हतं. माजघरात बसलेल्या एका ड्रायव्हरनं एक वाकडी फाइल वाचली, एवढंच. उपायही फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये (तो काय, ते पुढे येतंच) जायचं आणि ती फाइल काढून टाकायची.

अपग्रेडमध्ये नेमकं हेच लहान प्रमाणात होतं. घर नवं होतं, पण सामान जुन्या घरातलंच येतं आणि त्यात २०१२ सालचा एखादा ड्रायव्हरही गुपचूप येतो. म्हणून शोध नव्या विंडोजचा घ्यायचा नाही, जुन्या सामानाचा घ्यायचा.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

पहिली, दिवस मोजा. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं आणि १० दिवसांत ते आपोआप पुसलं जातं. परतीचा रस्ता तेवढाच काळ उघडा असतो. सी ड्राइव्ह भरली म्हणून पुष्कळ जण डिस्क क्लीनअप चालवतात आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करून तो रस्ता स्वतःच बुजवतात. जागा हवी असेल तर व्हिडिओ आणि डाउनलोड्स बाहेरच्या डिस्कवर हलवा, त्या फोल्डरला हात लावू नका. मुदत वाढवताही येते. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या आणि पुढची ओळ इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा: डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०. म्हणजे १० चे ३० दिवस झाले. ६० पर्यंत नेता येतात. मात्र हे १० दिवस संपायच्या आत करायचं.

दुसरी, बिटलॉकरची चावी. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलं असेल, तर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडकडे वळलात की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर आतला डेटा माझ्याच काय, कुणाच्याच हाती लागत नाही. मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसेसमध्ये त्या मशीनच्या नावाखाली ही की मिळते. ती कागदावर उतरवून घ्या. आधी हे, मग बाकीचं.

नक्की काय बंद पडतंय?

‘कॉम्प्युटर क्रॅश होतो’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

एकच प्रोग्रॅम बंद होत असेल आणि बाकी सगळं चालू असेल, तर पुढचा बहुतेक लेख तुमच्यासाठी नाही. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाका. नसेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जुन्या विंडोजचा पर्याय निवडून बघा.

निळी किंवा काळी स्क्रीन येऊन त्यावर ‘स्टॉप कोड’ दिसत असेल, तर तो ड्रायव्हर, डिस्क किंवा रॅम यांचा विषय आहे.

कुठलीही स्क्रीन न येता, दिवा फुंकल्यासारखं मशीन फटकन बंद होत असेल, तर आधी उष्णता आणि वीज बघा. अपग्रेडनंतर एक-दोन दिवस विंडोज मागच्या बाजूला फाइलींची सूची बनवत असतं, अपडेट उतरवत असतं. प्रोसेसर तापतो. चार वर्षं न उघडलेल्या सीपीयूच्या पंख्यावर धुळीचा थर असतो, आणि मग दोष अपग्रेडच्या माथी जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा आणि मग उलट करून बघा. फरक पडला तर उत्तर अर्धं मिळालं.

आणखी एक साधी गोष्ट. अपग्रेडनंतर मशीन ‘शट डाउन’ करून चालू केलं म्हणजे सगळं ताजं झालं असं समजू नका. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल झोपवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उठवला जातो. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच तो खरा नव्यानं सुरू होतो. हे वाचून हसू नका. एवढ्यानंच बरी झालेली मशीन्स मी पाहिली आहेत.

सेफ मोड

डेस्कटॉप दोन मिनिटं जरी टिकत असेल, तर शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. क्रमांकांची यादी येईल. ४ म्हणजे सेफ मोड, ५ म्हणजे इंटरनेटसकट सेफ मोड. डेस्कटॉपपर्यंत पोचतच नसेल, तर मशीन चालू करून लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं.

जाण्याआधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा. कीबोर्ड आणि माउस तेवढे राहू द्या.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठतं. इथं अर्धा तास मशीन शांत चाललं, तर दोष बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सेवेचा (मागच्या बाजूला चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) आहे, असं जवळपास धरून चला. इथंही बंद पडलं, तर रॅम, डिस्क किंवा विंडोजच्या मूळ फाइली. हा एक फाटा पुढचं अर्धं काम वाचवतो.

मशीन टिकलंय तोवर महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. डीटीपीवाल्यांचं मशीन सेफ मोडमध्ये पाऊण तास चाललं. तेवढ्यात साडेचारशे पत्रिका बाहेर काढल्या, फाँटचं फोल्डर काढलं आणि मालकांचा चेहरा जरा माणसात आला.

मशीनचीच साक्ष घ्या

आता आरोपी शोधायचा, आणि तोही अंदाजानं नाही. विंडोज सगळं लिहून ठेवतं, वाचणारे कमी.

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसवार तक्ता येतो. लाल फुली म्हणजे बंद पडल्याची नोंद, आणि त्याच तक्त्यात त्या दिवशी कुठलं सॉफ्टवेअर, कुठला ड्रायव्हर, कुठलं अपडेट आलं तेही दिसतं. मला हे साधन सगळ्यांत आवडतं, कारण गिऱ्हाईक ‘मी काहीच केलं नाही’ म्हणत असतं तेव्हा हे शांतपणे तारीख दाखवतं. दर वेळी पहिली लाल फुली अपग्रेडच्या दिवशी नसतेच. दोन दिवसांनी टाकलेल्या प्रिंटर ड्रायव्हरच्या दिवशीही ती सापडते.

दुसरी जागा इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. इथं ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी गंभीर नोंद दिसते आणि लोक तडक नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) विकत आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही. का, ते ती सांगत नाही. तिच्या आसपास ‘बगचेक, १००१’ ही नोंद शोधा. असेल तर निळी स्क्रीन आली होती आणि तिचा कोड तिथंच लिहिलेला आहे. नसेल तर पुन्हा वीज, उष्णता किंवा मशीन जागच्या जागी गोठणं.

कोडाचं नाव दिशा देतं. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर नको त्या मेमरीत गेला. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. बहुधा स्टोरेजचा ड्रायव्हर, किंवा कुणी तरी बायोसमधला (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधला) स्टोरेज मोड बदलला. ‘मेमरी मॅनेजमेंट’ वारंवार आलं तर रॅम तपासायची. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरची तक्रार. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं, केलं असेल तर आधी ते बंद करा.

आरोपीचं नाव हवं असेल, तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं. दर निळ्या स्क्रीनमागे तिथं एक छोटी फाइल पडते. निरसॉफ्टचं ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे मोफत साधन ती वाचून दाखवतं आणि संशयित ड्रायव्हर रंगवून ठेवतं. एक सावधगिरी बाळगा. यादीत ‘एनटीओएसकर्नल’ हे नाव जवळपास नेहमी असतं. तो विंडोजचा गाभा आहे. पंचनाम्यावर हवालदाराची सही असते म्हणून चोरी हवालदारानं केली, असं होत नाही. त्याच्या शेजारचं, मायक्रोसॉफ्टचं नसलेलं नाव बघा. तीन-चार फाइलींत तेच नाव पुन्हा पुन्हा आलं, की सापडला.

डीटीपीच्या मशीनमध्ये पाच फाइली होत्या आणि पाचही फाइलींत डोंगलच्या ड्रायव्हरचं नाव होतं. मालक म्हणाले, ‘पण डोंगल तर मी सकाळीच काढून ठेवलाय.’ बरोबर. डोंगल खिशात, ड्रायव्हर मात्र आतच. मशीन सुरू होताना तो दर वेळी उठत होता.

ड्रायव्हर काढणं आणि घालणं

संशयिताचं सॉफ्टवेअर सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्समधून काढा. सेफ मोडमध्ये काही वस्तू निघत नाहीत. तशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा. न जोडलेल्या वस्तूही फिकट रंगात दिसू लागतात. तिथून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही पुसण्याची टिक द्या. डिस्प्ले किंवा वायफायच्या बाबतीत प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आधी बघा. बटण फिकट असेल तर मागची प्रत शिल्लक नाही, वेळ घालवू नका.

नवा ड्रायव्हर आणायचा कुठून? लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मागच्या बाजूला छापलेला मॉडेल क्रमांक टाकून. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. ‘तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत, एका क्लिकमध्ये सुधारा’ म्हणणारी मोफत साधनं मी कुणाच्याही मशीनमध्ये ठेवत नाही. ती एका दुखण्यासाठी सदतीस औषधं देतात आणि मग कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू: एका वेळी एकच बदल. बदल करा, रीस्टार्ट करा, तासभर वापरा, वहीत लिहा, मग पुढचा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, तिथं कोअर आयसोलेशन, त्यात ‘मेमरी इंटिग्रिटी’ आहे. जुन्या ड्रायव्हरांचं आणि तिचं पटत नाही. न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी ती स्वतःच दाखवते, म्हणून तिथं एकदा डोकावाच. ही सुरक्षा कायमची बंद करून जुना ड्रायव्हर चालवणं मला पटत नाही. शोधापुरती बंद करा.

डोंगलचा जुना ड्रायव्हर काढल्यावर मशीन दुपारपर्यंत एकदाही पडलं नाही. डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवर विंडोज ११ चालेल असा नवा ड्रायव्हर होता, तो घातला. संध्याकाळी मराठी सॉफ्टवेअर उघडलं.

नाव सापडलंच नाही तर

मग अर्धं-अर्धं करायचं. सेफ मोडमध्ये मशीन ठीक आणि बाहेर बिघडतं, पण कोण ते कळत नाही, अशा वेळी स्टार्टमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडा. सर्व्हिसेसमध्ये ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर आधी टिक करा. ही टिक विसरलात तर विंडोजच्याच सेवा बंद कराल. उरलेल्या सगळ्या बंद करून रीस्टार्ट. ठीक चाललं तर निम्म्या सुरू करा. पुन्हा पडलं तर आरोपी या निम्म्यात, नाही तर दुसऱ्या. ३२ सेवा असल्या तरी पाच फेऱ्यांत एक उरते. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

अँटिव्हायरस दोन असतील तर एक आत्ताच काढा. जुन्या विंडोजवर मुदत संपून पडलेला अँटिव्हायरसही यातच आला.

डिस्क आणि रॅम

अपग्रेडनं रॅम खराब होत नाही. पण आधीपासूनची दुखरी जागा अपग्रेडच्या ओझ्यानं उघडी पडते. स्टार्टमधलं ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा. एकही चूक दाखवली आणि दोन पट्ट्या असतील, तर एक-एक लावून बघा.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ बघा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी डेटा काढा. एसएसडीला फर्मवेअर नावाचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या काही २ टीबी एसएसडी लावलेली मशीन्स निळी पडू लागली. या एसएसडी मशीनच्या रॅममधली २०० एमबी जागा मागत होत्या. पूर्वीचं विंडोज त्यांना ६४ एमबीच देत असे, नव्यानं मागितली तेवढी दिली आणि बिघाड उघडा पडला. डिस्क बदलावी लागली नाही, कंपनीनं दिलेलं नवं फर्मवेअर टाकल्यावर थांबलं.

फर्मवेअर आणि बायोस यांची अपडेट करताना चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर, आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड केलेलं हवं. मधेच लाइट गेली तर मदरबोर्डच जायचा. बायोसला शेवटी हात लावा, आधी नाही.

विंडोजच्या फाइली

सेफ मोडमध्येही पडत होतं आणि रॅम-डिस्क ठीक निघाली, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या सीएमडीत आधी डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ आणि ते संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ, दोन्ही इंग्रजी अक्षरांत. क्रम हाच ठेवा. पहिली आज्ञा दुरुस्तीचं सामान नीट करते, दुसरी त्यातून दुरुस्ती करते.

एवढ्यानं भागलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ आहे. ते विंडोज नव्यानं टाकतं, पण प्रोग्रॅम, फाइली आणि सेटिंग्ज जागच्या जागी ठेवतं. इंटरनेट बरं हवं आणि दोन-तीन तास हाताशी हवेत. शेजारी ‘रीसेट धिस पीसी’ आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी प्रोग्रॅम सगळे जातात.

मागे फिरणं

सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. मशीन उठतच नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, मग ‘लेटेस्ट फीचर अपडेट’. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातील. फाइली राहतात, तरी प्रत बाहेर घेतलेली असू द्या. विंडोज १० चा जुना पासवर्ड आठवत असायला हवा.

माझं मत विचाराल तर मागे फिरणं ही हार नाही, पण मुक्कामही नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी ईएसयू नावाची सुरक्षा-अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि तिला मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी लागते. तेवढ्या काळात जुना ड्रायव्हर किंवा जुनं सॉफ्टवेअर बदलायचं आणि मग पुन्हा अपग्रेड करायचं. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेल्या मशीनवर कुणी आडवाटेनं विंडोज ११ बसवून दिलं असेल, तर मात्र मी इतका शोध घेत बसत नाही. मागे फिरतो.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर

मशीनबरोबर एक चिठ्ठी द्या. माझ्याकडे अशी चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचं काम मी आधी हातात घेतो:

‘अपग्रेड केल्याची तारीख. पहिल्यांदा बंद पडलं ती तारीख. स्क्रीनवरचा कोड, मोबाइलवर फोटो काढलाय. सेफ मोडमध्ये चालतं की नाही. आत्तापर्यंत काय काढलं, काय घातलं. बिटलॉकरची की माझ्याकडे आहे. डेटाची प्रत घेतली आहे किंवा नाही. विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये.’